एका दिवसात ५१,५१४ पावलं: एका नोंदीची उलटतपासणी

कॅनडाच्या दक्षिण ऑंटारिओमध्ये, मोटार-ट्रॅक्टर न वापरणाऱ्या आमिश या ख्रिस्ती समाजातल्या एका शेतकऱ्याच्या कमरेला लावलेल्या पेडोमीटरने एका दिवसात ५१,५१४ पावलं नोंदवली. त्या दिवशी हा माणूस पाच बेल्जियन घोडे जुंपलेल्या औतामागे चालत शेतातली ढेकळं फोडत होता. ही नोंद आहे २००४ साली 'मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइझ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातली. टेनेसी विद्यापीठाचे डेव्हिड बॅसेट आणि पॅट्रिक श्नायडर, आणि आमिश समाजाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ गर्ट्रूड हंटिंग्टन, हे त्याचे तीन लेखक.

तीस-चाळीस हजार पावलांचे स्क्रीनशॉट आता व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतात. त्यातला कुठला खरा आणि कुठला घड्याळाच्या घोटाळ्यातून आलेला, हे नुसत्या आकड्याकडे बघून कळत नाही. ते कळायचं असेल तर तो दिवस पुन्हा उभा करावा लागतो: माणूस काय काम करत होता, यंत्र अंगावर कुठे होतं, हात मोकळे होते की गुंतलेले, जमीन कशी होती. आमिश शेतकऱ्याची नोंद त्यासाठी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्याभोवतीची माहिती पुरेशी आहे आणि यंत्राच्या खोडीही आधीच तपासून झालेल्या आहेत.

ही माणसं कोण

जुन्या वळणाचे आमिश हे जर्मन भाषिक मुलखातून उत्तर अमेरिकेत आलेले ख्रिस्ती. ऑंटारिओत त्यांची वस्ती १८२० च्या दशकापासून आहे. मोटार चालवायची नाही, घरात विजेची उपकरणं आणायची नाहीत, शेतात ट्रॅक्टरऐवजी घोडे, असा त्यांचा नेम. यामागे धार्मिक विचार आहे, प्रकृतीसाठी म्हणून हे कुणी करत नाही. बॅसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. यंत्रं येण्याआधी शेतकरी माणूस दिवसाला किती हलायचा, हे जुन्या कागदपत्रांतून सापडत नाही, पण तसं जगणाऱ्या माणसाच्या कमरेला मोजणी यंत्र लावता येतं.

१८ ते ७५ वयाचे ९८ स्त्री-पुरुष तयार झाले. प्रत्येकाने सात दिवस यंत्र लावलं आणि आठवड्याभरात किती वेळ कुठल्या प्रकारचं काम केलं, याची एक प्रश्नावलीही भरली. पुरुषांची सरासरी निघाली रोजची १८,४२५ पावलं, स्त्रियांची १४,१९६. हे आकडे केवढे मोठे आहेत ते ताडून बघण्यासाठी बॅसेट यांचीच दुसरी मोजणी उपयोगी पडते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या हजारावर प्रौढांची पावलं याच पद्धतीच्या यंत्राने मोजली गेली, तिथे सरासरी ५,११७ आली. म्हणजे आमिश पुरुषाचा सरासरी दिवस साध्या अमेरिकन माणसाच्या साडेतीन दिवसांएवढा.

या ९८ जणांत वर उल्लेखलेला औतकरी होता.

यंत्राच्या पोटात

वापरलेलं यंत्र यामॅक्स या जपानी कंपनीचं, डिजी-वॉकर एसडब्ल्यू-२००. काडेपेटीहून थोडं मोठं, पट्ट्याला अडकवायची क्लिप, एक पडदा आणि शून्यावर आणायचं एक बटण. अंतर नाही, कॅलरी नाही, फक्त पावलं. ते उघडलं की आत एक छोटी आडवी दांडी दिसते, ती केसासारख्या बारीक स्प्रिंगवर तोललेली असते. पाऊल पडलं की कंबर किंचित खाली जाऊन वर येते, त्या झटक्याने दांडी खाली आदळते, विजेचं मंडल जुळतं आणि आकडा एकाने वाढतो. यंत्र कानाशी धरून हलवलं की ती दांडी 'टक् टक्' वाजलेली ऐकू येते.

दांडी हलायला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.३५ पट झटका लागतो. त्याहून कमी झटका यंत्राच्या लेखी झालाच नाही. या एका आकड्यात यंत्राचं बळ आणि दुबळेपण दोन्ही आलं. खुर्चीत बसून चुळबुळ केली, वाकून काही उचललं, तर ते बहुधा मोजत नाही, हे चांगलंच. पण माणूस पाय घासत, रमतगमत चालला तर खरी पावलंही निसटतात. ताशी सव्वातीन किलोमीटरच्या वेगाला अशी यंत्रं ठळकपणे कमी मोजतात, ताशी ४.८ किलोमीटर आणि त्यावर मात्र चांगली यंत्रं एखाद्या टक्क्याच्या आत येतात. पोट सुटलेलं असेल आणि पट्ट्यावरचं यंत्र पुढे कललं असेल तर दांडी नीट उभी हलत नाही, मग पुन्हा मोजणी कमी.

हे सगळं आमिशांकडे जाण्याआधीच तपासायला सुरुवात झाली होती. १९९६ मध्ये बॅसेट यांनी पाच इलेक्ट्रॉनिक पेडोमीटर ४.८८ किलोमीटरच्या पदपथावर लोकांना चालायला लावून पारखली, त्यात यामॅक्स सगळ्यांत नेटकं ठरलं. पुढे श्नायडर यांनी तेरा वेगवेगळी पेडोमीटर रोजच्या जगण्यात दिवसभर वापरून पाहिली. कुठलं यंत्र २५ टक्के कमी दाखवत होतं, तर कुठलं ४५ टक्के जास्त. या तुलनेत खरा आकडा म्हणून धरला होता तो यामॅक्सचाच, हे मात्र वाचकाने ध्यानात ठेवावं. प्रयोगशाळेत माणूस शेजारी उभा राहून पावलं मोजू शकतो, पण चोवीस तास कुणी कुणाच्या मागे फिरत नाही, त्यामुळे घरच्या जगण्यात 'खरा आकडा' म्हणून कुठल्या तरी यंत्रावरच भिस्त ठेवावी लागते. जपानच्या औद्योगिक मानकात पेडोमीटरला शंभर पावलांमागे तीन पावलांची चूक माफ आहे. या जातीच्या यंत्राकडून तेवढीच अपेक्षा धरली, तर ५१,५१४ मध्ये दीड हजार पावलं इकडे-तिकडे होतील. पन्नास हजारांच्या आसपास आपण तरीही राहतो.

दिवस उभा करून बघू

आता हिशेब. इथून पुढची गृहीतकं माझी आहेत, ती कुठे धरली ते सांगत जातो.

घोड्यांच्या औताची शेतातली चाल ताशी चार किलोमीटरच्या जवळपास असते. मागचा माणूस घोड्यांच्या चालीला बांधलेला. त्याला हळू होता येत नाही, थांबलं तर अख्खं औत थांबतं. अशा चालीत मिनिटाला १०५ पावलं धरायला हरकत नाही. एकूण आकड्यातून सकाळ-संध्याकाळचं गोठ्याचं, घोड्यांना दाणापाणी करायचं, घरातलं चालणं म्हणून आठेक हजार पावलं काढून ठेवली, तर शेतात साडेत्रेचाळीस हजार उरतात. भागाकार केला की सात तासांना थोडे कमी भरतात. नांगरटीनंतरच्या भुसभुशीत रानात पाऊल पूर्ण पडत नाही, म्हणून एका पावलाचे ६५ सेंटिमीटर धरले, तर अंतर २८ किलोमीटरच्या वर जातं. सात तासांत २८ किलोमीटर म्हणजे ताशी चार. घोड्यांची चाल आणि पावलांचा आकडा एकमेकांना बरोबर जुळतात.

दुसरीकडूनही पडताळता येतं. पाच भारी घोड्यांमागचं दाताळ तीन मीटर रुंद धरलं, तर एक एकर फिरायला साधारण १.३५ किलोमीटर चाल पडते. २८ किलोमीटरमध्ये एकवीस एकर होतात. मोठ्या शेताच्या पेरणीपूर्व घाईत, ताज्या घोड्यांवर, दिवसभराला हे काम जड आहे पण अशक्य नाही. म्हणजे वेळ, अंतर आणि झालेलं काम या तिन्ही बाजूंनी आकडा टिकतो.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. बैलांच्या नांगराचं एक तास, म्हणजे नांगराने पाडलेली एक ओळ, वीत-सव्वावीत रुंद. वीस सेंटिमीटर धरलं आणि एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तर एकरभर नांगरट पुरी करायला नांगऱ्याला वीस किलोमीटर चालावं लागतं. साठ सेंटिमीटरच्या पावलाने तेहेतीस हजारांच्या वर पावलं झाली. एका दिवसात एकर काही होत नाही, अर्धा एकर झाला तरी सतरा हजारांच्या घरात. त्यात बांधापर्यंत जाऊन औत वळवायच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत, घर ते शेत धरलेलं नाही. आमिश पुरुषाची सरासरी १८,४२५ आहे, हे इथे आठवावं. कुळवणीला चाल वेगळी: कुळवाची फास, म्हणजे पातं, दोन फूट धरली तर एकराला साडेसहा किलोमीटर, आणि जोडीने दिवसाला तीन एकर ओढले तर वीस किलोमीटर. ज्यांच्या आजोबांनी कासरा धरला त्यांच्या घरात हे आकडे कुणी कधी मोजले नाहीत, पण ही पावलं रोज पडत होती. आज 'हाय स्टेप काउंट' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो खरीप-रब्बीच्या तयारीतला साधा दिवस होता.

आता संशयाची बाजू. आकडा फुगला असेल तर कशाने? पहिली शक्यता वाहनाची. खडबडीत रस्त्यावर गाडीत बसलं की कमरेचं यंत्र हादऱ्यांना पाऊल समजू शकतं. आमिश माणूस घोडागाडीने फिरतो, त्यामुळे हा मुद्दा गंभीर आहे. पण ज्याने सात तास औतामागे काढले, त्याच्याकडे त्या दिवशी गाडीत बसायला फारसा वेळ उरला नसणार. शिवाय स्प्रिंगच्या यंत्राला ०.३५ पट झटका हवा असल्यामुळे ते हादऱ्यांना, झटका मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रवेगमापकापेक्षा कमी भुलतं. दुसरी शक्यता ढेकळांवर अडखळण्याची, एका पावलाला दोन झटके. ती काही शेकड्यांत जमेल. उलट बाजूला, ताशी चार किलोमीटरची चाल आणि मऊ माती, दोन्ही यंत्राला कमी मोजायला लावणाऱ्या गोष्टी आहेत. दोन्ही पारडी बघता मला वाटतं, त्या माणसाची खरी पावलं यंत्रातल्या आकड्याहून थोडी जास्तच असतील.

तोच माणूस, आजचं घड्याळ

समजा त्याच्या मनगटावर आजचा फिटनेस बँड असता. काय दिसलं असतं?

मनगटावरच्या यंत्रात स्प्रिंग नाही. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला, तिन्ही दिशांचा झटका मोजणारा प्रवेगमापक असतो. सेकंदाला अनेक वेळा तो झटक्याची नोंद घेतो, त्यातून चढ-उतारांची रेघ तयार होते, आणि सॉफ्टवेअर त्या रेघेत चालण्याची लय शोधतं: सेकंदाला साधारण दीड-दोन ठोके, सारख्या अंतरावर, सलग काही वेळ. ही लय सापडली की मोजणी सुरू. पहिली काही पावलं बऱ्याच यंत्रांत राखून ठेवतात, लय टिकली तरच एकदम जमा करतात. म्हणून स्वयंपाकघरातली ओट्यापासून फ्रिजपर्यंतची चार पावलं कित्येकदा हवेत विरतात.

या सगळ्याची भिस्त हाताच्या झोक्यावर आहे. बाबागाडी ढकलताना किंवा मॉलमधली ट्रॉली धरून चालताना घड्याळ कमी मोजतं, हे वापरणाऱ्या पुष्कळांनी पाहिलं आहे आणि चाचण्यांतही दिसलं आहे. औतकऱ्याच्या दोन्ही हातांत लगाम. कोपर दुमडलेले, मनगटं जवळपास स्थिर, वरून घोडे ओढतील तसे अधूनमधून बसणारे हिसके. पायांचा धक्का शरीरातून मनगटापर्यंत पोचतो, पण बोथट होऊन. त्या दिवशीच्या पावलांतला मोठा हिस्सा मनगटाने गमावला असता, असं मी खात्रीने म्हणेन. किती, ते घड्याळाच्या सॉफ्टवेअरवर.

हात मोकळे असतानाही फरक पडतो. २०१५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची एक छोटी चाचणी आली होती. १४ निरोगी प्रौढ ट्रेडमिलवर ताशी ४.८ किलोमीटरने चालले, ५०० आणि १,५०० पावलं शेजारी उभ्या माणसाने मोजली. मनगटावरची यंत्रं दीड टक्क्यापासून २२.७ टक्क्यांपर्यंत कमी पडली. खिशातल्या फोनमधली अ‍ॅप्स सुमारे सहा-सात टक्के वर-खाली. आणि कमरेची यंत्रं एका टक्क्याच्या आत. त्या कमरेच्या यंत्रांत एक होतं आपलं हेच एसडब्ल्यू-२००. सर्वांत वाईट मनगटी यंत्राची चूक औतकऱ्याच्या दिवसाला लावली, तर ५१,५१४ चे ३९,८०० होतात. त्यानंतर यंत्रं सुधारली आहेत, पण लगाम धरलेल्या हाताचा प्रश्न सुधारण्यापलीकडचा आहे, कारण हालचालच मनगटात नाही.

फोनचं दुखणं निराळं. तो जवळ असेल तरच मोजतो. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डचा मोठा अभ्यास आला, १११ देशांतल्या सात लाखांवर लोकांच्या फोनमधली पावलं. भारताची सरासरी त्यात ४,२९७, आणि त्यावरून भारतीय लोक आळशी अशा बातम्या झाल्या. फोन म्हणजे इथे स्मार्टफोन, तोही पावलं मोजणारं अ‍ॅप घातलेला. भाताच्या चिखलात रोप लावणारी बाई त्या सरासरीत नव्हतीच. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्या शेतकऱ्याचाही फोन औत धरताना सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा बांधावरच्या बाभळीला टांगलेला. फोनच्या हिशेबी तो माणूस दिवसभर झाडाखाली बसून होता.

दिवेघाट

महाराष्ट्रात एका दिवसात पन्नास हजारांच्या जवळ जाणारी माणसं बघायची असतील तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी हडपसरच्या पुढे उभं राहावं. आळंदी ते पंढरपूर वाटेतला हा सगळ्यांत लांब टप्पा, बत्तीस किलोमीटरच्या आसपास, शेवटाकडे दिवेघाटाची चढण. ६५ सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर ४९,००० पावलं. चढावर पाऊल आखूड होतं, म्हणजे त्याहून जास्तच. हजारो लोक, त्यात साठी-सत्तरीचे पुष्कळ, हे अंतर एका दिवसात काटतात.

आणि यंत्राची परीक्षा घ्यायला याहून अवघड जागा मला माहीत नाही. एकाच दिंडीत, एकाच वेगाने, एकाच रस्त्यावर चालणाऱ्या तीन माणसांचे आकडे तीन तऱ्हेचे येऊ शकतात. टाळकरी घ्या. त्याचे दोन्ही हात छातीशी, टाळ वाजतोय, ठेका पावलाच्या जवळपास किंवा दुप्पट. मनगटावरचं घड्याळ पाऊल मोजतंय की टाळ, हे त्या घड्याळालाही सांगता येणार नाही. मुक्कामाला पोचल्यावर तोच माणूस कीर्तनात बसल्या जागी टाळ वाजवतो, तेव्हा तर पायांचा संबंधच उरत नाही, तरी आकडा चढू शकतो. दुसरी, डोक्यावर तुळस घेतलेली माउली. एक हात वृंदावनाला, तो हात स्थिर. घड्याळ त्याच हातात असेल तर तिची पावलं मोठ्या प्रमाणात बुडणार. तिसरा, हात मोकळे सोडून झेंड्यामागे चालणारा तरुण, त्याचा आकडा सर्वांत भरवशाचा. रस्ता तुंबला, रथ थांबला, लोक इंच-इंच सरकू लागले की तिघांचीही यंत्रं जवळपास मुकी होतात, मनगटावरचीही आणि कमरेवरचीही. त्या संथ सरकण्यात पायांना होणारा त्रास मात्र भरघोस चालण्याहून जास्त असतो.

वारीला जाणाऱ्याला आकडा हवाच असेल, तर माझं सांगणं: यंत्र कंबरेला लावा. धोतर-पायजम्याच्या नाडीला, साडी असेल तर परकराच्या नाडीला, नितंबाच्या हाडाच्या रेषेत, उभं राहील असं. निऱ्यांवर अडकवलेलं यंत्र कलतं. फोन असेल तर खांद्याला लोंबणाऱ्या पिशवीत टाकू नका, कमरेच्या घट्ट पाकिटात ठेवा. निघण्याआधी मोकळ्या रस्त्यावर शंभर पावलं तोंडाने मोजून बघा, एकदा हात सोडून आणि एकदा टाळ हातात घेऊन. दोन आकड्यांत किती तफावत पडते ते बघितलं की पुढच्या सगळ्या आकड्यांवर किती विसंबायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आणि रात्री पावलांशेजारी किलोमीटर आणि चाललेले तास लिहून ठेवा. औतकऱ्याचा आकडा आपण ज्या रीतीने तपासला, तीच रीत.

पडद्यावरच्या कॅलरी मात्र मनावर घेऊ नका. २०१७ मध्येच स्टॅनफर्डच्या दुसऱ्या गटाने सात मनगटी यंत्रं ६० लोकांवर तपासली. हृदयाचे ठोके सहा यंत्रांनी पाच टक्क्यांच्या आत सांगितले. ऊर्जेच्या हिशेबात सगळ्यांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के.

मोठ्या आकड्यामागे लागणाऱ्यांसाठी

दहा हजारांचं लक्ष्य १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पेडोमीटरच्या नावातून जगभर गेलं, त्यामागे तेव्हा आजाराचा-आयुष्याचा अभ्यास नव्हता. पुढे झालेल्या अभ्यासांत, वयस्क स्त्रियांच्या बाबतीत तरी, रोजच्या साडेसात हजार पावलांच्या आसपास मृत्यूचं प्रमाण घटायचं थांबलेलं दिसलं. मग पन्नास हजार कशाला? आरोग्यासाठी म्हणाल तर गरज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. कुणाला एखाद्या दिवशी स्वतःला आजमावायचं असेल तर ती इच्छा मला पूर्ण समजते. पण औतकऱ्याचे घोटे, पोटऱ्या आणि तळवे लहानपणापासून रोजच्या कामाने तयार झालेले होते. त्याचा उच्चांक त्याच्या समाजातल्या सरासरी पुरुषाच्या पावणेतीनपट होता. रोज पाच हजार चालणाऱ्याने एकदम पन्नास हजार करायचे तर दहापट उडी घ्यावी लागते, आणि ती नडगीच्या हाडाला, टाचेला आणि फोडांना भोगावी लागते. पावणेतीनपटीचा हिशेब लावला तर त्या माणसासाठी चौदा हजार हाच तोडीचा दिवस.

मला या प्रकरणात ५१,५१४ पेक्षा १४,१९६ जास्त खुपतो. आमिश स्त्रियांचा आकडा पुरुषांहून २३ टक्के कमी आहे. पण त्याच अभ्यासाच्या प्रश्नावलीत मध्यम कष्टाच्या कामाचे आठवड्याचे तास पुरुषांचे ४२.८ आणि स्त्रियांचे ३९.२ निघाले, फरक जेमतेम आठ टक्के. पुरुषांकडे जड कामाचे तास जास्त होते, दहा विरुद्ध ३.४, आणि चालण्याचेही, बारा विरुद्ध ५.७. म्हणजे दोघं कष्टात होते, पण पुरुषाचं काम पुढे सरकणारं होतं आणि स्त्रीचं बरंचसं एका जागी. कपडे पिळताना, कणीक मळताना, वाफ्यात उकिडवं बसून तण काढताना, मूल कडेवर घेऊन उभं राहताना कंबर ०.३५ पट झटका देत नाही. स्प्रिंगची दांडी हलत नाही, आकडा पुढे जात नाही. आजच्या मनगटी घड्याळातही ही कामं पावलांत धरली जात नाहीत, आणि चुकून धरली गेलीच तर मळण्याच्या लयीला चालणं समजून. पावलांच्या आकड्यावरून घरातल्या दोन माणसांच्या मेहनतीची तुलना करायला निघालेल्यांनी त्या प्रश्नावलीतले दोन आकडे, ४२.८ आणि ३९.२, शेजारी ठेवावेत.